खाऱ्या वाऱ्यातला नागपुरी कूलर

थांबा, दचकू नका. विहिरीच्या कठड्याशेजारी निळ्या पत्र्याचं कपाटासारखं जे उभं आहे ना, ते कपाट नाही. तो मी, कूलर. अस्सल नागपुरी. चहूकडे समुद्र, डोक्यावर माडाच्या झावळ्या, आणि मध्येच मी, चुकून दुसऱ्याच्याच लग्नाच्या पंगतीत बसलेल्या पाहुण्यासारखा. पण पान वाढलंच आहे तर उठायचं कशाला? बसा तुम्हीही. सांगतो.

माझा जन्म नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या एका शेडमधला. कानावर पहिला आवाज पडला तो हातोड्याचा. पत्रा वाकला, चार पाय जोडले गेले, पोटात पाण्याची टाकी बसली, तीन अंगांना वाळ्याच्या ताट्या लागल्या आणि टाकीत एक मुठीएवढा पंप सोडला. माणसाचं काळीज असतं ना, तसा तो माझा पंप. तो पाणी वर उचलतो, पाणी ताट्यांवरून झिरपतं, पंखा हवा ओढतो. झाला कूलर. यात काही गुपित नाही.

माझे मालक रुपराव. नागपुरात सदरला त्यांचं कूलरचं दुकान. शाळा सातवीत सुटली, पण हवेची नाडी त्यांना कळते ती भल्याभल्यांना कळत नाही, असं ते स्वतःच सांगतात. गिऱ्हाईक आलं की ते आधी चहा मागवायचे. मग स्वतःचा रुमाल पाण्यात बुडवून दाराच्या तारेवर टाकायचे. चहा संपेपर्यंत रुमाल कडकडीत वाळायचा. तो गिऱ्हाइकाच्या हातात देऊन म्हणायचे, "पाह्य गा. आपल्या नागपूरची हवा तहानलेली हाय. तिले पाणी पाज, ते तुले थंडी देते." बस. सौदा पक्का.

जाता जाता एक सल्ला फुकट मिळायचा. "कूलर हवेच्या तोंडावर लाव. भिंतीआड लपवशीन तं तो काय करन?" आणि पावसाळ्यात कुणी तक्रार घेऊन आलं, तर त्याच्यासाठी वेगळं उत्तर तयार. महादेवराव म्हणून एक भजनी बुवा होते. भर श्रावणात कूलर लावून बसले आणि त्यांच्या पेटीचे सूर फुगून गप्प झाले. तणतणत दुकानात आले. रुपराव हात जोडून म्हणाले, "बुवा, आता हवेचं पोट भरलं हाय. भरल्या पोटी कोण पाणी पिते?" बुवा हसले आणि पेटी खोलून उन्हात ठेवायला घरी गेले.

हे सगळं नीट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

मला मात्र दुकानात फार दिवस राहावं लागलं नाही. रुपरावांनी मला हुडकेश्वरच्या घरी नेलं आणि खिडकीत बसवलं. त्यांची एकुलती एक लेक मिनल माझ्यासमोर बसून गणितं सोडवायची. वहीची पानं उडू नयेत म्हणून त्यावर पाण्याचा तांब्या ठेवायची. मे महिन्यात बाहेर डांबर पाघळायचं आणि आत ती गुणगुणत गणिताची शिक्षिका होत होती. माझ्या आयुष्यातलं सुख विचाराल तर ते एवढंच.

मग तिचं लग्न झालं. जावई पियुष, नागपूरचाच, बँकेत नोकरीला. त्याची बदली कोकणातल्या या बेटावर झाली, आणि मिनलला इथल्याच शाळेत नोकरी मिळाली. बेट केवढं? दुपारचं जेवण करून निघालात तर पान चघळत फेरी पूर्ण होते. त्यांना मुलगी झाली, गुंजन. ती अजून रांगायला लागायची होती तेव्हाची ही गोष्ट.

दसरा झाला होता. नागपुरात आमचा मोसम संपला होता. टाकी कोरडी करून, अंगावर जुनी चादर घेऊन मी कोपऱ्यात पडलो होतो. दिवाळी तोंडावर आणि मिनलचा फोन आला.

"बाबा, दुसरा एसीही गेला."

"परत? काहून?"

"पलीकडून मेकॅनिक आला होता. म्हणे, बाहेरच्या डब्याची जाळी खारानं खाल्ली. हात लावला तं भुकटी हातात. गुंजनच्या अंगावर घामोळ्याच घामोळ्या. झोपतच नाही पोरगी."

रुपरावांच्या हातून फोन त्यांच्या बायकोने, वच्छलाबाईंनी घेतला. "मिनल, तू दिवाळीले ये अन् इथंच राह्य. सोड ते नोकरी."

"आई, दहावीचा वर्ग माझ्याकडं हाय. गणित शिकवणारं दुसरं कोणीच नाही इथं."

"दुसऱ्याच्या लेकरायचं गणित सुटन वं, तुह्या लेकराचं काय?"

पलीकडे नुसता समुद्राचा आवाज. ही पोर बोलायची थांबली म्हणजे ती हार मानायच्या बेतात आहे. गणिताच्या बाबतीतही असंच व्हायचं.

रुपराव म्हणाले, "मी येतो. आपला कूलर घेऊन येतो. या एसीचं नाटकच नको."

वच्छलाबाईंनी कमरेवर हात ठेवला. "चालला तं ठीक. नाही चालला तं पोरीले अन् नातीले घेऊनच याचं. मी पाळणा बांधून ठेवते."

"मंजूर. माया माल आजपर्यंत कधी फेल गेला काय?"

सांगू का, त्या क्षणी माझी छाती पत्र्याची नसती तर फुगली असती.

ट्रकने आलो, टेम्पोने आलो आणि शेवटी होडीत चढलो. होडीवाल्याने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "फ्रीज काय?"

"कूलर हाय गा, कूलर. नागपूर थंड करते, तुमचं बेट काय चीज हाय!"

होडीवाल्याने दोर सोडला. एक लाट आली आणि माझे पाय भिजवून गेली. मला जीभ नाही, पण चव पत्र्यालाही कळते. खारट.

मला हॉलच्या खिडकीत बसवलं, समुद्रावरच्या हवेच्या तोंडावर. वाळा भिजला, सुगंध सुटला. मिनलने डोळे मिटून श्वास घेतला आणि म्हणाली, "अगदी आपल्या घरासारखं वाटून राहिलं." गुंजन पाण्याचा आवाज ऐकून खुदकन हसली. रुपरावांनी मिशीवरून हात फिरवला.

पुढची दुपार सांगायला मला लाज वाटते, पण सांगतो. भिंती घामेजल्या. काडेपेटीची काडी ओढावी तर तिचं गूल उठून यायचं, ठिणगी काही पडायची नाही. गुंजनची दुपटी सकाळपासून दोरीवर होती, ती तशीच ओली. वच्छलाबाईंनी डबा भरून फराळ पाठवला होता. शेजारच्या कौशल्याबाई फराळाला आल्या. त्यांच्या घरची होडी आहे, मासेमारीची. त्यांनी चकली मोडायला घेतली. चकली मोडली नाही, वाकली.

"भाऊ," त्या शांतपणे म्हणाल्या, "नागपुरात चकली अशीच मऊ आवडते काय?"

रुपराव कसनुसं हसले. गुंजन रडत होती. तिच्या अंगावर आता घाम होता आणि वरून माझा दमटपणा. मी जीव तोडून फिरत होतो. जितका फिरत होतो तितकं बिघडत होतं.

कौशल्याबाई गेल्यावर रुपरावांनी चहा मागितला आणि खिशातून रुमाल काढला. सवयच ती. पाण्यात बुडवला आणि दाराच्या कडीला टाकला. चहा संपला. रुमाल ओला. दुसरा चहा झाला. रुमाल पिळला असता तर अजून पाणी निघालं असतं.

मिनल दारात उभी होती. हळूच म्हणाली, "बाबा, भरल्या पोटी कोण पाणी पिते?"

त्यांनीच शिकवलेलं वाक्य. रुपरावांनी उठून माझं बटण बंद केलं. पंखा थांबेपर्यंत माझ्याकडे बघत राहिले. मग लेकीकडे न बघता म्हणाले, "इथली हवा बारा महिने श्रावणातली हाय वं. मले समजाले पाह्यजे होतं. माया माल इथं चालत नाही."

मिनलने मान हलवली आणि आत गेली. मला कपाट उघडल्याचा आवाज आला. ती बॅग भरत होती. आधी गुंजनचे कपडे ठेवले. मग दहावीच्या तपासलेल्या वह्यांचा गठ्ठा उचलला, दुसऱ्या कुणाला तरी द्यायला म्हणून बाजूला ठेवला, आणि त्याच्यावर हात ठेवून तशीच बसून राहिली. पियुष तिच्याजवळ बसला.

दुसऱ्या दिवशी नरकचतुर्दशी. घरोघर उटण्याचा वास. रुपराव पहाटेच आंघोळ करून मागच्या अंगणात आले, तर कौशल्याबाई याच विहिरीवरून कळशीमागून कळशी पाणी काढत होत्या आणि होडीच्या, काढून आणलेल्या इंजिनावर ओतत होत्या.

"काय बाई, इंजिनाचं अभ्यंगस्नान?"

"दिवाळीचंच कशाला? रोजचंच आहे. आमची माणसं समुद्रावरून आली की आधी इंजिनाला गोडं पाणी, मग पोटाला जेवण. खार धुतला नाही तर लोखंड टिकेल कसं?" त्यांनी कळशी खाली ठेवली. "तुमच्या जावयाच्या एसीला कुणी कधी आंघोळ घातली काय? दोन एसी मेले बिचारे, पारोसेच."

रुपराव विहिरीच्या कठड्यावर टेकले. पियुषही बाहेर आला होता. कौशल्याबाईंनी घराच्या कोपऱ्यापलीकडच्या भिंतीकडे बोट दाखवलं. मेलेल्या एसीचा डबा अजून तिथंच लटकत होता, ऐन समुद्रासमोर, बरगड्या दिसणाऱ्या म्हाताऱ्या बैलासारखा.

"आणि समुद्राकडे तोंड करून टांगायला कुणी सांगितलं हो? लाटेचे तुषार थेट त्याच्याच अंगावर. आमच्याकडचा मागच्या बाजूला आहे, भिंतीआड. रविवारी आंघोळ. कितीतरी वर्षं झाली, चालतोय."

पियुष माडाच्या शेंड्याकडे बघायला लागला. जसा काही तिथं नवीनच नारळ लागला होता.

"बोल ना गा," रुपराव म्हणाले.

"बाबा, तुमीच फोनवर म्हटलं होतं... हवेच्या तोंडावर लाव म्हणून."

रुपरावांनी लटकत्या डब्याकडे बघितलं. मग रुपराव हसायला लागले. पोट धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. "म्हणजे दोन एसी म्याच मारले! अन् तिसऱ्याच्या जागी कूलर घेऊन आलो!" कौशल्याबाईही हसल्या. आतून मिनल धावत आली, काय झालं म्हणून. कितीतरी दिवसांनी या अंगणात मोठी माणसं हसत होती.

त्यानंतर मात्र रुपराव दुकानदारासारखे कामाला लागले. पाडव्यानंतर होडीने पलीकडे गेले, तालुक्याच्या गावात हिंडले. दोन दुकानदारांना त्यांनी घाम फोडला. खारासाठी वेगळा मुलामा दिलेली जाळी आहे का, बोल्ट स्टेनलेसचे देता का, स्टँड लोखंडाचा नको. नवा एसी घेऊनच आले. बाहेरचा डबा मागच्या भिंतीला बसवला, या विहिरीच्या बाजूला, समुद्र घराच्या पलीकडे ठेवून, वर छोटं छप्पर घालून.

"आंघोळ कोण घालणार पण?" मिनल म्हणाली. "रोज शाळा, गुंजन... दर रविवारी कळशा ओढू काय?"

रुपरावांची नजर माझ्यावर आली. मी खिडकीतून उतरवलेला, भिंतीला टेकून होतो. परत जायच्या तयारीत म्हणा, किंवा भंगारात.

"याच्या पोटात पंप हाय ना," ते म्हणाले.

मला विहिरीपाशी उभं केलं. ताट्या काढल्या, पंखा काढला. टाकीत गोडं पाणी भरलं; बादली ओढली की थेट टाकीत, कळशा वाहायला नकोत. पंपाला लांब नळी जोडली आणि तिच्या टोकाला झारीचं तोंड. एसी बंद करून माझं बटण दाबलं, तसं पाणी बारीक पावसासारखं जाळीवर पडायला लागलं. पांढरा खार ओघळून खाली गेला. ज्याच्या जागी मी आलो होतो, त्याच्याच नव्या भावाला मी आंघोळ घालत होतो. आधी थोडं लागलं मनाला. खोटं कशाला बोलू? मग आतल्या खोलीत गुंजन झोपल्याचं कळलं, आणि मग नाही लागलं.

रुपरावांनी नागपूरला फोन लावला. "वच्छले, कूलर चालला नाही."

"मंग आणता ना पोरीले?"

"नाही आणत. एसी बसवला, नीट बसवला. लेकरू झोपलं. पोरगी वह्या तपासून राहिली." ते थांबले. "कूलरही इथंच ठेवून येतो."

मग वच्छलाबाई म्हणाल्या, "वा रे व्यापारी! गेला होता पोरीले आणाले, अन् घरचा कूलरही देऊन आला." आवाज जरा ओला होता. "पाळणा बांधून ठेवला ना म्या. त्याचं काय करू?"

या प्रश्नाचं उत्तर वच्छलाबाईंनीच शोधलं. संक्रांतीच्या आधी त्या स्वतः होडीतून उतरल्या, काखेत पाळण्याच्या दोऱ्या आणि डोक्यावर गाठोडं. पाळणा एसीच्या खोलीत बांधला. नात झोपली, तशा त्या मागे विहिरीवर आल्या आणि माझ्या पत्र्यावर हात ठेवून म्हणाल्या, "काहून गा, एकटा पडला काय तू?"

नाही हो, वच्छलाबाई. उत्तर देता आलं असतं तर हेच दिलं असतं.

आता माझ्या पायांना गंज चढला आहे. निळा रंग पापुद्र्यांनी सुटतो. खार कुणाला सोडत नाही, आणि मी कळमेश्वरचा पत्रा, कोरड्या उन्हासाठी जन्मलेला. एखाद्या पावसाळ्यात मी बसेन हे मला ठाऊक आहे. त्याचं दुःख करू नका. पंप तेवढा काढून बादलीत सोडा, त्याचं काम थांबवू नका. आणि तुमच्या घरी कुठलंही यंत्र आणाल, तेव्हा दुकानदाराच्या आधी तुमच्या दारातल्या हवेला विचारा. दारात एक ओला रुमाल टाका. तो खोटं बोलत नाही.

बरं, बाकीचं पुन्हा कधी भेटलो तर. आज रविवार आहे. मिनल दहावीचा जादा वर्ग आटोपून आली, पदर खोचला आणि तिने माझं बटण दाबलं. पाणी वर चढतंय. सरका जरा बाजूला, भिजाल.