अडीच किलोचं टिंब

मुद्रितशोधक बाईंनी एकतीस वर्षांत छापखान्यातून एकही चूक बाहेर जाऊ दिली नव्हती, असं त्या स्वतःच सांगत. बाकीचे मान डोलावत, कारण छापून झालेलं पुस्तक तिथे पुन्हा कुणी वाचत नसे.

व्यायामशाळेच्या मास्तरांचं पुस्तकही त्यांच्याच हातून गेलं. खेळाडूंनी आणि नवशिक्यांनी वजनं उचलून ताकद कशी वाढवावी, आणि तीही हातपाय शाबूत ठेवून, हा विषय. ऱ्हस्व-दीर्घावरून बाईंनी मास्तरांना सळो की पळो करून सोडलं. पुस्तक छापून दोन महिने झाले आणि मास्तर घामाघूम होऊन त्यांच्या टेबलापाशी आले.

“बाई, पान बावीस बघा.”

बाईंनी चष्मा पुसला. ‘रिकाम्या रॉडने दहा बैठका नीट जमल्या, की मगच पुढच्या आठवड्यात २५ किलो वाढवावेत.’

“शुद्ध आहे की!”

“शुद्ध आहे हो! पण मी अडीच लिहिलं होतं. मधलं टिंब गेलं कुठे?”

बाईंनी हस्तलिखित काढलं. टिंब होतं, चांगलं ठसठशीत. त्यांच्या तोंडचं पाणी पळालं.

खेळाडूंची मास्तरांना काळजी नव्हती. त्यांना प्रती फुकट वाटल्या होत्या, म्हणजे कुणी उघडल्या नसणार. प्रश्न होता विकत घेणाऱ्यांचा. असे नऊ जण निघाले. बाई म्हणाल्या, “चूक माझी आहे. मीही येते.”

दोन दिवस दोघं दारोदार फिरली. एका शिक्षिकेने पुस्तक भाच्याला भेट द्यायला ठेवलं होतं. दंतवैद्याने ते ताटकळणाऱ्या रुग्णांसाठी बाकावर टाकलं होतं. एकाकडे ते खिडकी आपटू नये म्हणून फटीत खोचलेलं सापडलं. आठवं घर झालं तेव्हा बाईंचा जीव भांड्यात पडला.

“सगळे सुखरूप आहेत, मास्तर.”

“हो ना,” मास्तर खिन्नपणे म्हणाले. “एकानंही वाचलं नाही.”

नववे घड्याळं दुरुस्त करणारे गृहस्थ, साठीचे. पुस्तक त्यांच्या दुकानातच होतं, कोपरे दुमडलेलं, पेन्सिलीने खुणा केलेलं.

“घरी रॉड आणला होता,” ते ओशाळून म्हणाले. “रिकाम्याने छान जमलं. पुढच्या आठवड्यात पंचवीस लावले आणि खाली बसलो तो उठताच येईना. बायकोनं सोडवलं. मग सगळं गुंडाळलं.”

“पुस्तक चुकलं असेल, असं नाही वाटलं?” बाईंनी विचारलं.

“छापलेलं कसं चुकेल? म्हटलं, आपणच संपलो आता.”

बाईंनी हस्तलिखित पुढे ठेवलं. “तुम्ही नाही चुकलात. मी चुकले.”

गृहस्थांनी डोळ्याला भिंग लावून ते टिंब बराच वेळ न्याहाळलं. मग भिंग काढलं आणि ताडकन उठले. “महिनाभर मी स्वतःला म्हातारा समजत होतो, बाई!”

मास्तरांनी घाईघाईने त्यांना व्यायामशाळेत बोलावलं. ते कबूल झाले, पण एका अटीवर: बाईंनीही यायचं.

हातात पेनापेक्षा जड काही न धरलेल्या बाई सोमवारी रिकाम्या रॉडखाली उभ्या राहिल्या. मास्तर शेजारी होते. “पाठ सरळ. श्वास घेऊन खाली, सोडत वर. घाई नाही.” आठव्या बैठकीला बाईंचे गुडघे आत वळू लागले, तरी त्या हट्टाने नववीला निघाल्या.

“थांबा,” मास्तर म्हणाले. “पुढची अशुद्ध होईल.”

एवढं त्यांना लगेच पटलं. बाई थांबल्या.

आठवड्यातून दोनदा, मध्ये विश्रांती, आणि दहा नीट झाल्याशिवाय वाढ नाही, असं पाच महिने चाललं. घड्याळवाले बाईंच्या वजनाच्या दोन प्लेटा पुढे होते आणि ते दर वेळी सांगतही.

एका संध्याकाळी सुनेनं दार उघडलं. “आई, आज लवकर आलात?”

“लवकर कुठली गं,” बाई चपला काढत म्हणाल्या. “जिन्यात दम खायला टेकले नाही, एवढंच.”