झाकलेला निकाल

सुपारीचं एक खांड ताटाच्या कडेला हळदीत चिकटून बसलं होतं, आणि कोपरखैरण्याच्या त्या एका खोलीत सकाळपासून एवढी आवराआवर झाली तरी स्मिताने तेवढं ताट काही उचललं नव्हतं — काल संध्याकाळी तिच्या वडिलांच्या, आबांच्या, हमाल-टोळीतल्या सयाजीकाकांच्या मुलाशी तिचं लग्न ठरलं, सुपारी फुटली, कुंकू लागलं, चार माणसं चहा पिऊन गेली, आणि ती मान खाली घालून एवढंच शोधत राहिली की आज, आजच, हे का... कारण दुपारीच तिला कॉलेजात कळलं होतं, दुसऱ्या वर्षाला फर्स्ट क्लास. आबांना एकट्याला गाठून सांगायचं, असं तिने येताना रस्ताभर घोळवलं होतं. आणि आबा आले ते होणारे व्याही घेऊनच.

मागच्या वर्षी, पंच्याण्णव साली, अकाउंट्सचा एक पेपर राहिला होता. कॉलेजातला शिपाई आबांच्याच साताऱ्याकडचा. त्याने तो आबांच्या कानावर घातला, आणि आबांच्या तोंडात तीळ भिजेल तर शपथ! वाशीच्या कांदा-बटाटा मार्केटात हमालांची अख्खी टोळी, मुकादम, चहावाला — जो तो विचारी, "काय गं, केटी सुटली का?" शेवटी ती प्राचार्यांपुढे जाऊन उभी राहिली होती — सर, मला अठरा पुरी झालीत, माझे मार्क मलाच सांगा, घरच्यांनासुद्धा नको. सर हसले, पण त्यांनी ऑफिसला तसं बजावलं. बाहेर आल्यावर किती मोकळं वाटलं होतं... आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी फक्त माझं. नाहीतर या घरात मला कपाटाचा एक कप्पासुद्धा कधी नव्हता.

दुपारी आबा जेवायला बसले. आई शेजारणींना लग्नाचं सांगायला गेली होती.

"काल सकाळी तुज्या कालिजात गेल्तो," आबा म्हणाले. "ऑफिसातल्या बाई म्हनल्या, मुलगी सज्ञान हाय, निकाल तिलाच सांगनार. आन् माज्याकडं बगंनात." भाकरीचा तुकडा त्यांच्या हातातच राहिला. "म्या काय कुक्कुलं बाळ हाय व्हय? पास झाल्यालं कोन झाकून ठेवतंय?"

स्मिताचा वाढता हात थांबला. आजोबा गेले तेव्हा गावाहून तार आली होती — 'सीरियस, लगेच निघा', एवढीच. आबांनी ती दुसऱ्याकडून वाचून घेतली आणि तिथेच, गोण्यांच्या थप्पीजवळ, डोक्यावरचं फडकं काढून हातात घेतलं; कुणी काही सांगायची गरज पडली नाही. आपल्यात वाईटच तेवढं झाकतात. चांगलं झाकायची रीत आबांना कुणी दाखवलीच नव्हती, आणि ती दाखवायला गेले मी...

"म्हनून म्हनलं, तुजी फरफट नको. मार्केटात गेलो आन् सयाजीला शब्द दिला. पोरगं चांगलं हाय. आता ते शेवटचं वर्स डोक्यातनं काढ." मग त्यांनी दाराकडे बघून आवाज उतरवला. "आन् नापासाचं औंदा कुनाला बोललो न्हाय. सयाजीला न्हाय, तुज्या आईला सुदीक न्हाय. मागच्या साली तुला लई लागलं हुतं न्हवं?"

कधी म्हणून काही पोटात न ठेवणारा हा माणूस कालपासून एकटाच तिची अब्रू राखत बसला होता — कधी न झालेल्या नापासाची.

"आबा..."

"काय गं?"

मी पास झाले. एवढंच म्हणायचं. मग आबा हरखतील, ताटावरून उठतील, सयाजीकाकांकडे जातील आणि... जातील? टोळीत दिलेला शब्द आबांनी आजवर मागे घेतला नव्हता. हमालाकडं शब्दाबिगर दुसरं असतंय काय, हे त्यांचं नेहमीचं बोलणं. समजा त्यांनी ऐकलं, डोळे भरून पाहिलं, आणि म्हणाले, 'पर आता शब्द दिलाय, पोरी' — तर? आत्ता निदान एवढं तरी होतं की त्यांना माहीत नव्हतं, म्हणून हे लग्न ठरलं. हे 'म्हणून' जन्मभर उशाशी घेऊन निजता आलं असतं. सांगितलं तर कदाचित तेही जाणार. न सांगितलं तर शेवटचं वर्ष जाणार, ते तर गेलंच...

"भाकरी वाढू?" ती म्हणाली.

"अर्दी दे."

तिने अर्धी वाढली. आबा मान खाली घालून, हळूहळू, तिच्याकडे न बघता जेवत होते. पोरीला लाज वाटू नये म्हणून. एवढी वर्षं आपण यांच्या रागाला भितो असं ती धरून चालली होती... राग काहीच नव्हता. भीती वाटत होती ती त्यांच्या उत्तराची, आणि एवढी वर्षं एका छपराखाली राहूनही ते उत्तर काय असेल, हे तिला सांगता येत नव्हतं.