कागदावरची जुळी

जळलं माझं तोंड, त्यानंच सगळं केलं.

पोलादपूरच्या वर डोंगरात आमची वाडी. शाळा खाली, तासभर रानातनं. माझी ऋतिका सहा वर्षांची झाली तरी एकटी जायला तयार नाय. तिचा बाप मुंबईला, मी शेतात. मग काय, धाकट्या हृतिकला तिच्यासंगती धाडला. तो चार वर्षांचा. गुरुजी म्हणाले, "सहा पूर्ण लागतात." मी बिनधास्त सांगितलं, "जुळी हायत ती." अंगानं पोर दांडगं होतं, खपून गेलं. गुरुजींनी दोघांच्या नावापुढं एक जून टाकलं. घरात जन्मलेली पोरं, पंचायतीत नोंद कोण करतंय! आमच्या वाडीत अशी जुळी आणखी दोन घरात हायत. हसायचो आमी त्यावर.

एवढ्याशा पोराला अभ्यास काय झेपणार? नववीला दोनदा नापास झाला. यंदा अकरावीला गेला तेव्हा सोळा वर्षांचा होता. कॉलेज लांब महाडला, म्हणून एका मिशनच्या वसतिगृहात ठेवला. तिथले फादर गोड बोलायचे. "मावशी, निश्चिंत राहा." मी त्यांच्या पाया पडले, घरच्या नाचणीची पिशवी दिली. मेल्याच्या हातात पोर दिलं आणि वर नाचणी!

गणपतीला घरी आला तो परत जाईना. जेवेना. पाठीमागनं कोण आलं की दचकायचा. चौथ्या दिवशी गोठ्यात बोलला. फादरनी त्याच्याशी काय केलं, किती वेळा, सगळं. ते मला अजून तोंडानं सांगवत नाय.

वाडीतली जाणती माणसं म्हणाली, "झाकली मूठ सव्वा लाखाची." मी म्हटलं, मूठ गेली खड्ड्यात, माझ्या पोराला न्याय पायजे. सकाळच्या एस्टीनं त्याला घेऊन महाडचं पोलीस ठाणं गाठलं.

सरकारनं लक्ष दिलं नाय असं मी म्हणणार नाय. खोटं कशाला बोलू, एकदा बोलले तेवढं पुरे झालं. लहान मुलांचं बघणाऱ्या दीप्ती मॅडम जिल्ह्याहून आल्या. हृतिकशेजारी बसल्या, "तुझी काहीच चूक नाही रे," म्हणाल्या. लहान मुलांसाठी कडक कायदा आहे, फादर सहज सुटणार नाही, म्हणाल्या. किती दिवसांनी मला घोटभर चहा गोड लागला. मग त्यांनी शाळेचा दाखला मागितला.

मॅडमनी दाखल्यावरची जन्मतारीख वाचली. तारीख परत वाचली. "मावशी, याला जूनमध्ये अठरा पूर्ण झाली. हे सगळं ऑगस्टमधलं."

"ते खोटं हाय, मॅडम! मीच बोलले खोटं. सोळाचा हाय तो, देवाशपथ!"

"शाळेचा दाखला असला की कोर्ट तोच धरतं. दुसरा काही कागद?"

कागद कुठला? सुईण होती, ती मरून गेली. "मग हाडं तपासा त्याची, दात तपासा," मी म्हटलं.

"दाखला असताना तपासणी करत नाहीत. मी वर लिहिते. पण आशा देत नाही तुम्हाला."

"मग मोठ्या माणसाचा कायदा लावा!"

मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मोठ्या बाप्यावर असं झालं तर त्यासाठी नव्या कायद्यात कलमच नाय, म्हणाल्या. मारहाणीचं लागेल. मारहाण! कपाळ माझं. त्या फादरला सोडवायला वकील कशाला हवा, मी होते ना.

तेवढ्यात हवालदार जबाबाला बोलवायला आले. मी पोराच्या पाठोपाठ उठले. ते म्हणाले, "आई, मुलगा सज्ञान आहे. जबाब त्याचा एकट्याचा, सही पण त्याचीच. तुम्ही बाहेर थांबा."

मी हृतिकचा हात सोडेना. त्यानंच माझी बोटं एकेक करून सोडवली. रागानं सोडवली असती तर बरं वाटलं असतं.

"बस गो आये," तो म्हणाला. "मी मोठा हाय ना."

आणि तो आत गेला.