सांता रिताचे दोरवळे

"दुखलं की सांग. उगीच मर्दपणा दाखवू नकोस," डॉन कुको म्हणाला आणि त्याने याइरचा डावा घोटा दोन्ही हातांत धरून हळूच फिरवला.

याइरने दात आवळले. "नाही दुखत."

"मी तुझ्या पायाकडे बघत नाहीये. तोंडाकडे बघतोय."

"थोडं दुखतंय."

"हं. आता कसं बोललास."

कपडे बदलायच्या खोलीत कापराच्या मलमाचा वास कोंडला होता. बाकीचे खेळाडू अंग गरम करायला मैदानात गेले होते. याइर मोन्तेलोंगो हा सांता रिता संघाचा गोल मारणारा गडी. गुरुवारी सरावात त्याचा घोटा मुरगळला, तेव्हापासून तो घोटा डॉन कुकोच्याच ताब्यात होता. डॉन कुको संघाचा मालिशवाला; 'डॉन' हे गावाने त्याला मानाने लावलेलं. गावातली उतरलेली हाडंही तोच बसवायचा. ही विद्या त्याच्या आईची. पगारासाठी त्याने जन्मभर दोरखंडाच्या कारखान्यात काम केलं. कारखाना कधीच बंद पडला होता, पण संघाला अजून सगळे 'दोरवळे' म्हणत.

दार ढकलून संघाचे मालक, इंजिनियर बार्रागान आत आले. शहरात पूल बांधणारा माणूस. बूट नेहमी चकचकीत.

"पळेल ना हा, डॉन कुको?"

"पळेल."

"नक्की?"

"घोड्यासारखा नाही पळणार. पण पळेल."

"बस, एवढंच हवंय. आज जिंकलो की वरच्या गटात. शहरातलं नवं स्टेडियम आपली वाट बघतंय. आणि तुमचीही सोय करतो मी तिकडं, काळजी करू नका." इंजिनियरने त्याच्या खांद्यावर थाप मारली आणि ते निघून गेले.

काळजी तर तीच होती. सांता रिताच्या मैदानाला एका बाजूला सिमेंटच्या चार पायऱ्या, दुसऱ्या बाजूला निवडुंगाचं कुंपण. वरच्या गटाला असलं मैदान चालत नाही. जिंकलं की संघ शहरात जाणार, हरलं तर शहराचा करार रद्द आणि संघ गावातच राहणार. हे गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, पण उघड कोणी बोलत नव्हतं.

बोलला तो एकटा चोन न्हावी. काल दाढी करताना वस्तरा डॉन कुकोच्या गळ्यावर ठेवून तो म्हणाला, "पट्टी जरा सैल बांधली तर कोणाला कळणार आहे रे?" वस्तरा गळ्यावर असल्यामुळे डॉन कुकोला उत्तर देता आलं नाही. आणि वस्तरा बाजूला झाल्यावरही ते सुचलं नाही.

कारण जिंकून संघ गमावणं गावाने एकदा भोगलेलं होतं.

कारखान्यामागे जिथे घायपाताचा वाख उन्हात वाळत घालायचे, तिथेच दोरवळ्यांचा संघ जन्माला आला. डॉन कुकोचे वडील पहिल्या अकरांतले. गोलाची पहिली जाळी त्या लोकांनी स्वतःच वळली होती. चेंडू तिच्यात इतका घट्ट बसायचा म्हणे, की काढायला दोघं लागत. पुढे कुकोच्या तरुणपणी संघ वरच्या गटात चढला. गावाने तीन दिवस बँड वाजवला, डुक्कर कापलं. आणि उन्हाळ्यात तेव्हाच्या मालकाने संघ विकून टाकला. संघ समुद्रकाठच्या कुठल्याशा शहरात गेला, तिथे त्याला एका माशाचं नाव मिळालं. हिरव्या सदऱ्यांचे निळे झाले.

त्यानंतर कित्येक वर्षं सांता रिताला संघच नव्हता. तरीही रविवारी बाराच्या सुमाराला माणसं मैदानावर यायची. पायऱ्यांवर बसायची, शेंगदाणे खायची, रिकाम्या मैदानाकडे बघायची आणि दोनच्या सुमाराला घरी जायची. कोणी त्यांना हसत नसे. कुकोही त्यांच्यातच असायचा. शेवटी त्याच माणसांनी पुन्हा संघ उभा केला, अगदी तळापासून. आता त्यातले बरेचसे देवाघरी गेले होते, आणि परत ते सगळं बघायची ताकद डॉन कुकोत उरली नव्हती.

सकाळी ओफेलियाने, त्याच्या बायकोने, त्याच्यापुढे कॉफी ठेवली. त्याने ती प्यायली नाही. गुरुवारपासून त्याच्या घशाखाली काही धड उतरत नव्हतं.

"म्हाताऱ्या, काय करणार आहेस?" तिने विचारलं.

"काय करणार? पाय आहे तो. बरा करायचा."

"आणि संघ?"

"संघ माझ्या हातात नाही. पाय आहे."

तिने त्याच्या सदऱ्याची कॉलर सरळ केली.

आता तो पाय खरोखरच त्याच्या हातात होता. डॉन कुकोने टाचेखालून पट्टी घेतली, घोट्यावरून आडवी नेली, परत खाली आणली. शेवटच्या वेढ्याला त्याचा हात थांबला. याइर छताकडे बघत होता. त्याच्या मनात गोलाशिवाय दुसरं काही नव्हतं. तेवीस वर्षांचं पोर. डॉन कुकोने पट्टी आपल्या आईने बांधली असती तशी घट्ट ओढली, टोक खोचलं आणि त्याच्या पोटरीवर चापट मारली.

"ऊठ. जा."

समोरचा रिओ ओंदोचा संघ तगडा होता. पण मध्यंतराच्या आधी याइरला उजवीकडून पास आला, त्याने त्याच डाव्या पायाने सगळा जोर लावून फटका मारला आणि चेंडू सरळ जाळीत. सगळं मैदान उठलं. डॉन कुकोही उठला होता, मलमाची पेटी एकीकडे, टोपी एकीकडे, आणि घसा फाडून ओरडत होता. मग शेजारच्या चोनशी त्याची नजर भिडली.

"वेडा झालास का?" चोन म्हणाला. पण तोही उभाच होता.

दोघं खाली बसले आणि एकमेकांकडे बघेनात.

उत्तरार्धात मात्र पारडं फिरलं. रिओ ओंदोची पोरं थकत नव्हती. त्यांनी कोपऱ्यातून आलेल्या चेंडूवर डोक्याने एक गोल केला, नंतर सरळ मधून घुसून दुसरा. दोन्ही गोल चोख, नाव ठेवायला जागा नाही. याइर शेवटपर्यंत धावला. शिट्टी वाजली तेव्हा तो गुडघ्यांवर बसला होता.

पायऱ्यांवर कोणीतरी टाळी वाजवली, दुसऱ्याने वाजवली, आणि मग सगळं गावच उभं राहून टाळ्या वाजवू लागलं. बायका डोळे पुसत होत्या, हसत होत्या.

इंजिनियर बार्रागान चक्रावून गेले. "हरल्यावर एवढ्या टाळ्या?"

"गाव असंच आहे, इंजिनियर," डॉन कुको म्हणाला.

त्यांनी फोन काढला, कोणाला तरी "नाही, आता नाही" एवढंच सांगितलं आणि ते गाडीकडे गेले.

खोलीत याइर भिंतीकडे तोंड करून रडत होता. डॉन कुको त्याच्यासमोर स्टुलावर बसला, पट्टी सोडू लागला. विचारायचं धाडस होईना. शेवटी त्याने विचारलं.

"पायाने दगा दिला का रे?"

"पाय ठणठणीत होता, डॉन कुको. गोल त्याच पायाने मारला की." याइरने नाक पुसलं. "तेच चांगले खेळले. आम्ही कमी पडलो."

तीन दिवसांचा अडकलेला श्वास डॉन कुकोच्या छातीतून बाहेर पडला. त्याने मान खाली घातली. ज्या हरण्याने आपल्याला हायसं वाटलं, त्याच हरण्यासाठी हे पोर रडतंय, याची त्याला लाज वाटली. पण हायसं वाटायचं थांबलं नाही.

तो बाहेर आला तरी गाव पायऱ्यांवरून हललं नव्हतं. ओफेलियाने त्याच्या हातात मक्याची जाड, सारण भरलेली भाकरी ठेवली. ती त्याने उभ्याउभ्याच खाल्ली. तिने न विचारता दुसरी दिली. तीही त्याने खाल्ली.

"पुढचा मोसम ऑगस्टात ना?" चोनने विचारलं.

"ऑगस्टात."

"इथंच?"

"मग कुठं?"

तेवढ्यात याइर खांद्याला पिशवी लावून बाहेर पडला. त्याला शहरातल्या दुसऱ्या संघाने बोलावलं होतं. पुढच्या मोसमाला तो इथे नसणार, हेही सगळ्यांना माहीत होतं. पायऱ्यांवरची माणसं एकेक करून उभी राहिली. म्हाताऱ्यांनी टोप्या काढल्या. याइरला वाटलं, हे गोलासाठी. गोलासाठीही होतंच, पण ज्या हरण्यावर तो रडला, त्यासाठीही होतं. त्याने लाजून हात वर केला आणि किंचित लंगडत बसथांब्याच्या रस्त्याला लागला. तो वळणाआड होईपर्यंत कोणीही खाली बसलं नाही.