खोडलेली नऊ चित्रं

वर्गात तिला सगळे खोडरबर म्हणत. एक रेघ काढायची आणि तीन खोडायच्या, हा तिचा खाक्या. टेबलावर चित्रांपेक्षा रबराचा चुरा जास्त, आणि तो फुंकून शेजाऱ्याच्या कागदावर उडवण्यात तिला काही गैर वाटत नसे. ॲनिमेशनच्या दुसऱ्या वर्षाला होती. पहिलं वर्ष तिनं मोठ्या मुलांच्या फिल्ममध्ये रंग भरण्यात घालवलं होतं. रेघा दुसऱ्यांच्या, आत रंग हिचा. यंदा तिला स्वतःच्या रेघा काढायच्या होत्या आणि त्याला एकच दार होतं: सरांनी दिलेला पाच सेकंदांचा तुकडा. एक बाई जमिनीवरचं जड गाठोडं उचलून टेबलावर ठेवते, बस. चेहरा नाही, आवाज नाही. वजन दिसलं तर फिल्मच्या गटात, नाही दिसलं तर पुन्हा रंगकाम.

पहिल्या खेपेला तिनं स्वतःचाच व्हिडिओ काढला, त्यावरून चित्रं केली आणि सरांना दाखवली. सरांनी एकदाच पाहिली.

"गाठोड्यात उशा होत्या ना?"

"दोन," ती म्हणाली. वर्ग खो खो हसला.

"उशा उचलल्यास तर उशाच दिसणार. जिला ओझं माहीत आहे अशी कुणीतरी शोध."

काखेत कळसा नि गावाला वळसा. तशी बाई तिच्या घरातच होती. ती मावशीकडे राहत होती, आणि मावशी अठरा वर्षं एका मोठ्या हॉस्पिटलच्या धुलाई विभागात कामाला होती. मशीनमधून ओल्या चादरींचा गठ्ठा खाली ढकलगाडीत पडे. तो उचलून टेबलावर टाकायचा, की पुढचा तयारच असे. तिथल्या सुपरवायझर बाईंनी व्हिडिओला परवानगी दिली, पण एका अटीवर. "झाल्यावर आम्हाला बघायला बोलवायचं."

मावशीनं त्या दिवशी धुतलेला ॲप्रन घातला. तीन वेळा गठ्ठा उचलला. "झालं? मला कामं आहेत," म्हणाली आणि पाठ फिरवली.

एका सेकंदाला चोवीस चित्रं. खोडरबर एकेक करून काढत गेली. बावन्नाव्या चित्राशी गठ्ठा हवेत थांबला. मावशीनं तो कमरेनं टेबलाच्या कडेला दाबून धरला, उजवा हात सोडला, डावा खाली घातला आणि मग उजवा पुन्हा लावला. नऊ चित्रं, म्हणजे अर्धा सेकंदही नाही. तिला वाटलं, मावशी अडखळली. तिनं ती नऊ काढून टाकली आणि पुढचं मागचं छान जोडून घेतलं.

"उचलतेय, पण फुकटात," सर म्हणाले. "मूळ व्हिडिओ आण."

त्यांनी तो अगदी सावकाश पाहिला. "इथली नऊ चित्रं कुठं गेली?"

"तिथं ती अडखळली सर. मी नीट केलं."

"तीनदा उचललंय ना? तिन्ही वेळा तिथंच अडखळली?"

तिनं पाहिलं. तिन्ही वेळा तिथंच.

"मग ते अडखळणं नव्हे. ती तशीच उचलते. ती नऊ परत काढ."

काढायची तर शरीराला कळायला हवीत. ती आरशासमोर उभी राहिली, कंबर टेबलाला टेकवली, हात सोडला, घातला, पुन्हा सोडला. पाचव्या-सहाव्या वेळी तिला समजलं की या बाईचा उजवा खांदा छातीच्या वर जातच नाही. आणि मग घरातलं एकेक आठवायला लागलं. वरच्या फळीवरचे डबे वर्षभरात एकेक करून खाली आले होते. पडदे काढणं-लावणं खोडरबरकडे आलं होतं. मावशी आता हुकूम सोडायला लागली, असं तिनं मैत्रिणीला सांगितलंही होतं. तिला स्वतःची लाज वाटली.

सकाळी मावशी भांडी पुसत होती. "मावशी, उजवा खांदा कधीपासून दुखतोय?"

"कसला खांदा?"

खोडरबरनं नऊ कागद ओट्यावर मांडले. मावशीनं फडकं खाली ठेवलं आणि ते क्रमानं पाहिले.

"एवढं दिसतं?"

"काढलं की दिसतं. सर मोठ्या पडद्यावर थांबवून थांबवून दाखवतात."

"म्हणजे आमच्या बाईंनाही दिसेल. मग मला चादरींच्या घड्या घालायच्या टेबलाशी बसवतील. तिथं एकदा बसलेली बाई परत मशीनवर येत नाही गं. वर्षभर मी कुणाला ताकास तूर लागू दिली नाही. झाकली मूठ झाकलेलीच राहू दे." मग तिनं विचारलं, "पण तुझी फिल्म?"

"रंग भरता येतात मला," खोडरबर म्हणाली.

मावशी नाकावर माशी बसू देणारी नव्हती. पण आता तिनं नुसतं फडकं पुन्हा उचललं.

दाखवायच्या दिवशी हॉल भरला होता. सुपरवायझर बाई पहिल्या रांगेत, मावशी दुसऱ्या रांगेत, मांडीवर पर्स. पडद्यावर गठ्ठा सर्रकन उचलला गेला. नऊ चित्रं त्यात नव्हती.

"हात सफाईदार आहे, वजन नाही," सर म्हणाले आणि यादीवर पेन्सिल टेकवली. "रंगकाम."

"पण आमची बाई हुबेहूब आली हो!" सुपरवायझर बाई म्हणाल्या.

मावशीनं पडद्याकडे पाहिलं, भाचीकडे पाहिलं, त्या पेन्सिलीकडे पाहिलं. आणि उठली.

"हुबेहूब कसली? मी अशी उचलत नाही. हिनं माझ्यासाठी खोडलंय."

पुढं टेबलापाशी कोऱ्या कागदांचं एक खोकं होतं. मावशी वाकली. कमरेशी थांबली, खोकं टेबलाला दाबलं, उजवा हात सोडला, डावा खाली घातला, उजवा लावला आणि खोकं वर ठेवलं. "अशी उचलते," ती म्हणाली. "वर्ष झालं, खांदा वर जात नाही." हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण तिचा आवाज जराही हलला नाही.

सरांनी भाचीला विचारलं, "आहेत का ती चित्रं?"

होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिनं काही खोडून फेकलं नव्हतं. तिनं पिशवीतून नऊ कागद काढून दिले.

सुपरवायझर बाई कागदांकडे नाही, मावशीकडे पाहत होत्या. "सोमवारी आधी डॉक्टर," त्या म्हणाल्या. "मग घडीला बसा."

सोमवारी मावशी घडीला बसली. त्याच दिवशी यादी लागली आणि खोडरबरचं नाव रेघा काढणाऱ्यांत होतं. संध्याकाळी दोघी घरी आल्या. मावशी बराच वेळ फळीपुढं उभी होती.

"ते खालचे डबे सगळे वर ठेव बघू," ती शेवटी म्हणाली. "रोज वाकून वाकून कंबर गेली माझी. लागला की तुला हाक मारीन."

खोडरबरनं स्टूल ओढलं आणि एकेक डबा वर ठेवला.