डिशमधल्या पेशी

सायकल काढायला आश्लेषा गराजमध्ये शिरली, तर उत्तराकाकू कोपऱ्यात स्टुलावर बसून दातांवर बोट फिरवत होत्या. बोट काळंभोर. तो वास आश्लेषाच्या ओळखीचा होता. तिची आत्याही मिश्री लावायची.

अमेरिकेत ॲन आर्बरमध्ये काकूंचं आयुष्य गेलं, नवरा नावाजलेला डॉक्टर. पण कराडहून आलेली ही तंबाखूची सवय काकूंना सुटली नव्हती. उल्हासकाकांना यातलं काही ठाऊक नाही, अशी त्यांची पक्की समजूत. ते उठायच्या आत सगळं उरकायचं आणि वर ग्रीन टीच्या चुळा भरायच्या.

चुळांचं श्रेय काकू आश्लेषाला देत. ती त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहायची आणि युनिव्हर्सिटीत हिरड्यांच्या पेशींवर निकोटिनचा परिणाम तपासायची. ग्रीन टीचा अर्क घातला की त्या पेशी जरा तग धरतात, हे तिने एकदा जेवताना कौतुकाने सांगितलं होतं. तेव्हापासून काकूंनी दुधाचा चहा सोडला, मिश्री नाही. जे रोग्याला भावे तेच वैद्य सांगे!

"गालात आतून पांढरं झालंय जरा," काकू म्हणाल्या. "पण तुझा उपाय चालू आहे ना."

असा पांढरा चट्टा कॅन्सरची सुरुवात असू शकतो, हे आश्लेषाला ठाऊक होतं.

"काकू, त्या लॅबमधल्या, डिशमधल्या पेशी आहेत हो. तुमचं तोंड नाही. चहाने हे जाणार नाही. आजच दाखवू या, प्लीज."

काकू नाही म्हणाल्या. दाखवायचं म्हणजे काकांना कळणार. डॉक्टरची बायको मिश्री लावते, हे त्यांनी चार लोकांत कसं सांगायचं? आश्लेषाने त्या दिवसाचा प्रयोग कॅन्सल केला आणि स्वयंपाकघरात त्यांच्याशेजारी बसून राहिली. तिला फार वाईट वाटत होतं.

काका खाली आले. काकूंनी मान वर न करता सगळं सांगून टाकलं.

"माहीत आहे गं मला," काका म्हणाले. "वास येतो. विचारलं तर तुला लाज वाटेल, म्हणून गप्प राहिलो." त्यांनी खुर्ची काकूंसमोर ओढली. "विचारायला हवं होतं."

त्यांनी फोनचा टॉर्च लावला. काकूंनी तोंड उघडलं. काका बघत राहिले, नुसतं तपासायला लागतो त्याहून खूप जास्त वेळ.

"तोंड मीट आता," ते म्हणाले. उजेड गालावरून नाकावर, नाकावरून भिंतीवर जात होता. काकूंनी त्यांचं मनगट धरून तो पुन्हा आत वळवला आणि तोंड उघडंच ठेवलं.