टाकीमागच्या सात ओळी

मी एक जुनी नोंदवही आहे, मित्रांनो. जन्म डाव्या पानावर, मृत्यू उजव्या. छापखान्यात माझे रकाने आखले, पाने शिवली, पाठीला लाल कापड चिकटवले आणि मला नगर कार्यालयाच्या तीन नंबरच्या खिडकीत पाठवले.

तिथले कारकूनकाका मला फार जपत. तपासणीला आलेले साहेब एकदा म्हणाले, "अहो, ही वही आहे की लग्नपत्रिका? काय अक्षर!" मी अशी फुगले, की मिटता मिटेना.

आता एक ओळ वाचा. ती तेव्हा माझ्यात नव्हती.

मृत्यू. नाव: – . वय: सहा दिवस. पत्ता: टाकीमागची गल्ली.

त्या दिवशी खिडकीत एक शिंपी उभा होता.

"काका, बाळ गेलं माझं. सहा दिवसांचं होतं."

"जन्म नोंदवला होतास?"

"नाही. नाव ठेवल्यावर येणार होतो."

काकांनी पेनाला टोपण लावले. "मग राहू दे. आधी जन्म लिहायचा, लगेच शेजारी मृत्यू. बाळाच्या आईला कशाला तेच तेच विचारायचं? जा, तिच्याजवळ बस."

शिंप्याने हात जोडले. काका निर्दय नव्हते, मित्रांनो. निर्दय असते तर त्यांनी लिहून घेतले असते.

त्या वर्षी टाकीमागून असे सात बाप आले. सातही जण 'राहू दे' ऐकून परत गेले.

मृत्यू. नाव: – .
मृत्यू. नाव: – .
मृत्यू.

मग दवाखान्यातल्या नर्सताई आल्या. बसल्यासुद्धा नाहीत.

"काका, टाकीमागे तान्ही बाळं जातायत म्हणे. पाचव्या-सहाव्या दिवशी दूध ओढायचं थांबतं, अंग ताठ होतं. धनुर्वात आहे हो हा! नाळ कापायचं पातं मळकं असतं. आईला पोटुशी असतानाच इंजेक्शन दिलं तर टळतो. पण शिबिर एकाच वस्तीला मिळणार, जिथे जास्त बाळं गेलीत तिथे. यादी आज जातेय. आकडा द्या."

काकांनी माझी पाने उलटली. पुन्हा उलटली. शून्य.

"आकडा नाही. पण सात जण येऊन गेले, ताई. मला आठवतंय."

"साहेबांना काय सांगू? काकांची आठवण फाईलला जोडलीय?"

काकांनी पेन उघडले. कुणाची तारीख आठवेना, कुणाच्या आईचे नाव. यादी गेली. शिबिर गिरणीजवळच्या वस्तीला मिळाले. तिथल्या दोन नोंदी माझ्यात होत्या, सुवाच्य अक्षरात.

वर्षभराने शिंपी पुन्हा आला. "काका," एवढेच म्हणाला. पुढचे काकांना कळले.

या वेळी त्यांनी सगळे विचारले. तारीख. वेळ. आईचे नाव. डाव्या पानावर एक ओळ, उजव्या पानावर एक. अक्षर वाकडे आले.

"पहिल्याचंही लिहा," शिंपी म्हणाला.

काकांनी पेन पुन्हा उचलले. मग म्हणाले, "लिहितो. नाव नसलं तरी चालतं."

हे त्यांना पहिल्या दिवशीही ठाऊक होते.

दुसऱ्या दिवशी मला काखेत मारून ते टाकीमागे गेले. दार वाजवायचे, उंबऱ्याबाहेर उभे राहून म्हणायचे, "माझं चुकलं. सांगा, लिहून घेतो." एका आईने दार लावून घेतले. ते दुपारभर तिथेच बसले, मग तिने सांगितले. साती ओळी भरल्या. पुढच्या यादीत टाकीमागची गल्ली पहिली होती. नर्सताई इंजेक्शनं घेऊन आल्या, प्रत्येक सुईणीला नवी पाती दिली.

शिंप्याच्या दुसऱ्या बाळाला मात्र त्याचा काही उपयोग नव्हता.

आता मी कपाटात आहे. कोपरे वाळवीने खाल्लेत, लाल कापड सुटलेय. त्याचे मला फारसे वाईट वाटत नाही. पण मित्रांनो, तुमच्या घरी कुणी जन्मले किंवा कुणी गेले, तर खिडकीपाशी जा. आतला माणूस कितीही मायेने म्हणाला, "राहू द्या," तरी हलू नका. म्हणा, "लिहा."